बाबांना पलीकडे पाठवताना

१२ जानेवारी

दादा,

पाकिटावर माझं अक्षर बघून तू घाबरला असशील, म्हणून आधीच सांगते. बाबा आहेत. खातात, झोपतात, घरातल्या घरात फिरतात. वाईट काही घडलेलं नाही.

आई गेल्यापासून आपण एकमेकांना एक ओळही लिहिलेली नाही. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. कामाचं तेवढं लिहिते.

बाबांना तुझ्याकडे पाठवायचं आहे. कायमचं नाही, सहा महिने म्हण. मार्चच्या मध्यापासून मी काही दिवस घरी नसेन, आणि परत आल्यावरही त्यांना धरून उठवणं, अंघोळ घालणं माझ्याच्याने होणार नाही. कारण विचारू नकोस. दुकानातून रजा मिळाली आहे. मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे, काचा घासून फ्रेममध्ये बसवते.

त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. शिवणकाम सुटलं. मशीन खिडकीपाशी आहे, पण तिची सुई मी काढून ठेवली आहे. दिवसभर कशाची ना कशाची शिवण चिमटीत धरून बघत बसतात. पडद्याची, उशीच्या अभ्र्याची, माझ्या बाहीची. स्वभाव बिघडलेला नाही. खरं सांगायचं तर आपल्या लहानपणापेक्षा गोड बोलतात. गिऱ्हाइकाशी बोलायचे, तसं. मला 'अहो बाई' म्हणतात.

सरहद्दीच्या चौकीवर जाऊन चौकशी करून आले. पूर्वीसारखं पासावर जाता येत नाही. बाबांचा पासपोर्ट लागेल, डॉक्टरचं पत्र लागेल, आणि पलीकडे त्यांना ज्याच्या ताब्यात द्यायचं त्याचं हमीपत्र. हमीपत्राला त्या माणसाच्या ओळखपत्राची प्रत जोडायची. पहिल्या दोन गोष्टी मी बघते. तिसरी तुझी.

पत्ता मावशीकडून मिळवला. तुझा जुना नंबर लावून पाहिला, तर कुणी भलताच माणूस बोलला. फोनवर मला जमणारही नाही. लिहूनच कळव.

तुझी बहीण


३० जानेवारी

दादा,

तुझं उत्तर नाही. टपाल उशिरा येत असेल असं धरून चालते.

बाबांचा पासपोर्टचा अर्ज झाला. त्यांना घेऊन बसने गेले होते. रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थांच्या कोटाची मागची शिवण उसवलेली होती. बाबांनी तिच्यात बोट घातलं. ते गृहस्थ दचकून वळले. बाबा म्हणाले, "काढून द्या, संध्याकाळपर्यंत करून ठेवतो." गृहस्थ चांगले होते. म्हणाले, "उद्या आणून देतो."

फोटोच्या वेळी गंमत झाली. तिथल्या मुलीने सांगितलं, डोळे उघडे, तोंड बंद, हसायचं नाही. बाबा तिच्याकडे बघून हसतच राहिले. गिऱ्हाईक समोर आलं की हसायचं, एवढं एक अजून त्यांच्या अंगात आहे. ती म्हणे, "आजोबा, रागावल्यासारखं करा ना." बाबा म्हणाले, "तुमच्यावर कशाला रागावू?" शेवटी मी पलीकडे जाऊन उभी राहिले. माझ्याकडे बघितल्यावर हसू गेलं. फोटो चांगला आला.

बोटांचे ठसे मात्र उमटेनात. इतकी वर्षं इस्त्री आणि दोरा, बोटं पार गुळगुळीत झाली आहेत. साहेबांनी वेगळी नोंद करून अर्ज पुढे पाठवला.

तिथल्या बाकावर बसले असताना तुझी आठवण झाली. चांगली नाही. आईच्या वेळी तू निरोप पाठवलास, 'कागदपत्रांची अडचण आहे, येता येत नाही.' अर्ध्या दिवसाचा रस्ता. सगळे मला विचारत होते, मुलगा कुठे आहे? मी म्हणाले, त्याची कागदपत्रांची अडचण आहे. त्यांनी एकमेकांकडे बघितलं. तेव्हापासून ते वाक्य मला पाठ आहे.

असो. हमीपत्र पाठव.


१८ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी आहेत, पण पाठव म्हणालास ना, मला तेवढं पुरे. हमीपत्रही मिळालं. अक्षर अजून तसंच आहे, 'ळ' अजून उलटा काढतोस.

पण सोबत ओळखपत्राची प्रत नाही.

मला वाटलं विसरलास. तरी तसंच घेऊन चौकीवर गेले, कदाचित चालेल म्हणून. खिडकीतल्या बाईंनी पाहिलं आणि परत सरकवलं. "याला अर्थ नाही, बाई. हमी कोण देतंय ते आम्हाला कळायला नको?"

मी म्हटलं, "माझा सख्खा भाऊ आहे."

"असतील. कागदावर दिसू दे."

एक दिवस फुकट गेला. बाबांना शेजारच्या आजींकडे ठेवलं होतं, तर त्यांनी आजींच्या टेबलावरचं कापड टराटरा फाडून ठेवलं. मापाप्रमाणे फाडलं होतं, सरळ रेषेत. आता पुन्हा त्यांच्याकडे कोणत्या तोंडाने ठेवू?

कारण विचारू नकोस असं मी लिहिलं होतं आणि तू खरंच विचारलं नाहीस. तेव्हा सांगून टाकते. मला डाव्या बाजूला गाठ आहे, छातीत. काढायची आहे. नंतर औषधं द्यायची आहेत, ती बरेच महिने चालतात. डॉक्टरीणबाई मार्चच्या पुढे थांबायला तयार नाहीत. दिवाळं निघाल्यासारखा चेहरा करून त्यांनी मला हे सांगितलं, आणि मी त्यांना विचारलं की त्यांच्या चष्म्याची दांडी सैल आहे, घट्ट करून देऊ का?

भीती वाटते का म्हणशील, तर नाही. काहीच वाटत नाही. सकाळी उठते, बाबांचं आवरते, दुकानात जाते. मालकीणबाई म्हणतात तू फार धीराची आहेस. धीर वगैरे नाही. मला नुसतं काही ऐकू येत नसल्यासारखं झालं आहे.

प्रत पाठव. ओळखपत्र काढायला, एका कागदावर उतरवायला आणि पाकिटात घालायला किती वेळ लागतो?


२ मार्च

दादा,

नवीन हमीपत्र आलं. ओळखपत्राची प्रतही आली. पण ती तुझी नाही. एका बाईची आहे.

चेहरा बरा वाटतो. रुंद कपाळ, केस मागे घट्ट बांधलेले. मावशी म्हणत होती तू तिकडे कुणाबरोबर तरी राहतोस, तीच असेल. मग हमीपत्रात 'प्रवाशाशी नातं' या रकान्यात 'सून' लिहायला काय झालं? 'परिचित' लिहिलंय. परिचित तर आपला दूधवालाही आहे. बाबांना परक्या बाईच्या ताब्यात द्यायचं, आणि तू काय करणार? घरात बसून वाट बघणार? जन्मदात्याला न्यायला स्वतः यायचं तुझ्या जिवावर आलं?

खिडकीतल्या बाईंना मात्र हे चाललं. त्यांनी शिक्का मारला. तारीख मिळाली, चौदा मार्च. माझी तारीख सतरा आहे. म्हणजे जमतं.

त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली. कागद सगळे बरोबर असले तरी साहेब बाबांना स्वतःला विचारणार. नाव काय, कुठे निघालात, आपल्या मर्जीने जाताय ना. म्हाताऱ्या माणसांना कुणी फसवून नेऊ नये म्हणून हा नियम आहे. उत्तर प्रवाशाने स्वतःच्या तोंडाने द्यायचं. शेजारच्याने सांगितलेलं चालत नाही.

म्हणून रोज संध्याकाळी मी त्यांची शिकवणी घेते. चौकीवरच्या साहेबासारखी समोर खुर्ची घेऊन बसते.

"आजोबा, तुमचं नाव काय?"

"तुम्ही बसा तर खरं."

"नाव सांगा."

"नावाचं काय घेऊन बसलात? लांबी किती ठेवू?"

काल मी ओरडले त्यांच्यावर. ते घाबरले नाहीत. गिऱ्हाईक चिडलं की गप्प बसायचं, तसे हात मांडीवर ठेवून गप्प बसून राहिले. मग मीच उठून दूध गरम केलं.

पत्राला उत्तर दे. रागावले आहे असं समजू नकोस. रागावायलाही अंगात काहीतरी लागतं. पण चौकीवर त्यांनी तोंड उघडलं नाही तर काय करू, एवढं सांग. तुला त्यांचं जास्त माहीत होतं. शाळा सुटल्यावर दुकानात तूच बसायचास, मी नाही.


१५ मार्च

दादा,

तुझा भाग तुला माहीत आहे. माझ्या बाजूने काय झालं ते लिहिते. आज दुसरं काही काम नाही. घर झाडून झालं.

तुझं उत्तर तेराला आलं. एकच ओळ, 'तू फक्त तिथपर्यंत आण, पुढचं ती बघेल.' मी तो कागद चुरगळला. म्हटलं, ही कोण बघणारी?

सकाळी बाबांना करड्या रंगाचा कोट घातला, त्यांचा स्वतःचा शिवलेला. बॅगेत औषधं, कपडे, मऊ चपला. सगळे कागद प्लास्टिकच्या पिशवीत. चौकीचा तो लांबलचक हॉल तू कधी आतून बघितला आहेस की नाही, मला माहीत नाही. मधोमध जमिनीवर पिवळा पट्टा आहे. पोचवायला आलेल्यांनी पट्ट्याच्या अलीकडे थांबायचं. पलीकडच्या काचेतून तुमची बाजू दिसते. कुंपण, गाड्या उभ्या करायची जागा, दोनचार झाडं.

साहेब तरुण होते. कागद एकेक करून बघितले, फोटो आणि चेहरा ताडून पाहिला. मग खुर्ची बाबांच्या जवळ ओढली. "आजोबा, तुमचं पूर्ण नाव सांगा."

बाबांनी त्यांच्या गणवेशाची बाही धरली. "इथे झोल आहे. कुणी शिवलं हे?"

साहेब हसले. "सरकारने. नाव सांगा, आजोबा."

"सरकारी शिलाई अशीच."

पुन्हा विचारलं. पुन्हा. बाबा गोड हसत होते. मग साहेबांनी माझ्याकडे बोट केलं. "या तुमच्या कोण?"

बाबांनी माझ्याकडे नीट बघितलं. खूप वेळ. मला वाटलं, आता सांगतील. ते म्हणाले, "या होय, या नेहमीच्या आहेत. पण यांचं माप माझ्याकडे नाही."

साहेबांचा चेहरा बदलला. त्यांनी कागदांवर हात ठेवला. म्हणाले, "बाई, मला वाईट वाटतं. पण यांना स्वतःचं नाव माहीत नाही, तुम्हाला ओळखत नाहीत, आणि पलीकडून न्यायला येणारी व्यक्ती नुसती परिचित. मी सोडू कसा?"

मी म्हटलं, "तीन दिवसांवर माझं ऑपरेशन आहे."

ते म्हणाले, "मी समजू शकतो." पण हात कागदांवरून उचलला नाही. चूक त्यांची नव्हती. त्यांच्या जागी मी असते तर मीही सोडलं नसतं.

तेवढ्यात पलीकडच्या दारातून ती आली. ओळखपत्रातल्यापेक्षा जाड आहे, आणि भरभर चालते. शाळेची गाडी चालवते ना? हातात किल्ल्यांचा जुडगा होता. साहेबांना नमस्कार केला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि सरळ बाबांसमोर जाऊन उभी राहिली. तिच्या कोटाचं एक बटण दोऱ्यावर लोंबत होतं, ते तिने पुढे केलं.

"मास्तर, हे बघा काय झालंय. आजच्या आज लावून पाहिजे."

बाबा उठून उभे राहिले. इतके दिवस त्यांना उठवायला मला दोन्ही हातांनी ओढावं लागत होतं. त्यांनी बटण बघितलं, आतली बाजू उलटून बघितली. "दोरा कच्चा वापरलाय. दुकानात यावं लागेल."

"येते ना. आधी पावती करा. पावतीवर कुणाचं नाव घालू? पूर्ण सांगा हं, मागच्या वेळी घोटाळा झाला होता."

आणि बाबांनी सांगितलं. स्वतःचं नाव, आजोबांचं नाव, आडनाव. मोठ्याने, दुकानाच्या पाटीवर होतं तसं. वर म्हणाले, "पुरुषांचे व स्त्रियांचे कपडे वेळेवर शिवून मिळतील." रांगेतले लोक वळून बघायला लागले. साहेबांनी पासपोर्ट उघडून नाव ताडून पाहिलं.

"मास्तर, यांच्याबरोबर जाताय ना? तुमच्या मर्जीने?" साहेबांनी विचारलं.

बाबा थोडे रागावलेच. "गिऱ्हाईक न्यायला आलंय, आणि मी नाही म्हणू?"

शिक्का बसला.

साहेब कागद भरत होते, तेवढ्यात मी तिला विचारलं, बटणाचं कुणी सुचवलं? ती म्हणाली, "यांनी. म्हणाले, नाव विचारलं तर सांगायचे नाहीत, पावतीला विचारलं तर सांगतील." मग मी विचारलं, तो स्वतः का आला नाही? मला आवाज चढवायचा होता, पण चढला नाही. तिने साहेबांकडे एक नजर टाकली आणि काचेकडे मान केली.

कुंपणाच्या पलीकडे शाळेची पिवळी गाडी होती. तिच्याजवळ एक टक्कल पडलेला माणूस उभा होता. मी आधी दुसरीकडेच शोधत होते. तुला केस होते ना, म्हणून.

ती हळूच म्हणाली, "हे या दारापर्यंत आले तर परत घरी जाता येणार नाही. कधीच नव्हतं येत. पहिल्यापासून. लग्नसुद्धा त्याच्यामुळेच राहिलं." मग म्हणाली, "आई गेल्या तेव्हा तीन दिवस गाडीत बसून होते, इथेच."

म्हणजे तुझी कागदपत्रांची अडचण खरीच होती. यापुढे या गोष्टीबद्दल मी कधी पत्रात लिहिणार नाही. हे पत्रही फाडून टाक. पण तू मला सांगायला हवं होतंस. इतकंच.

बाबा तिच्या कोटाची बाही धरून पलीकडे गेले. मागे वळून बघितलं नाही. मी पट्ट्याजवळ उभी होते. तुम्ही कुंपणाशी भेटलात ते काचेतून दिसलं. तू त्यांच्या पाया पडायला वाकलास आणि त्यांनी तुझ्या शर्टाची कॉलर सरळ केली. मग तू हात वर केलास. माझ्यासाठीच केलास ना? मीही केला. काचेवर ऊन होतं, तुला दिसलं की नाही कोण जाणे.

बसमध्ये झोप लागली. घरी आले, मशीनला सुई लावून ठेवली. का, ते माहीत नाही. आता कुणाला टोचायची भीती नाही, म्हणून असेल.

वहिनींना नमस्कार सांग. त्यांना मी अजून तोंडावर वहिनी म्हटलेलं नाही.


११ एप्रिल

दादा,

झालं. गाठ काढली. बाजूच काढली, खरं तर. आता औषधं सुरू होतील.

वहिनी येतील असं तू कळवलं नव्हतंस. मी डोळे उघडले, तर वहिनी खुर्चीत बसून परिचारिकेशी वाद घालत होत्या. ती म्हणत होती, भेटायची वेळ संपली, तुम्ही कोण यांच्या? वहिनी म्हणाल्या, "नणंद आहे माझी. मी कुठे जाऊ?" परिचारिका गेली. नंतर तिनेच त्यांना उशी आणून दिली.

त्या आठ दिवस राहिल्या. आपल्या घरी आईच्या पलंगावर झोपायच्या. बोलतात कमी, पण हात सतत चालू. माझी वेणी घालून दिली. म्हणाल्या, आता घालून घ्या, मग केस राहणार नाहीत. कुणी माझ्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं. बाकी सगळे कुजबुजतात.

त्यांनी तुमच्याकडचं सांगितलं. बाबा तुला कारागीर समजतात आणि दिवसभर तुझ्या चुका काढतात. तू त्यांना जुन्या चादरी आणि खडू दिलास, ते रेघा मारत बसतात आणि त्या रेघांवर तू कापतोस. मी इतकी वर्षं त्यांच्या हातातून कापड काढून घेत होते. मला सुचलं नाही.

मी विचारलं, "बाबा माझी आठवण काढतात का?"

"नाही," वहिनी म्हणाल्या.

मी वाट बघितली. त्या सफरचंद सोलत होत्या, सोलतच राहिल्या. त्या जर म्हणाल्या असत्या की मनात असेल हो, तर मी भिंतीकडे तोंड केलं असतं. मी फोड घेतली आणि खाल्ली. गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला कशाची तरी चव लागली. सफरचंद आंबट होतं.


२६ जुलै

दादा,

बाबांच्या तिकडे राहण्याच्या परवान्याची मुदत वाढवून मिळाली, हे वहिनींनी कळवलं. बरं झालं. मी आताही त्यांना उचलू शकणार नाही. डावा हात खांद्याच्या वर जात नाही. दुकानात मात्र अर्धा दिवस जायला लागले. बसून करायचं काम आहे.

औषधांचा एक फेरा अजून राहिला आहे. पुढचं डॉक्टरीणबाई सांगत नाहीत, मीही विचारत नाही. त्यांच्या चष्म्याची दांडी शेवटी मी घट्ट करून दिली.

तुला इकडे येता येत नाही. बाबांना आता परत आणण्यात अर्थ नाही. म्हणजे यायचं तर मीच. म्हणून काल पासपोर्टच्या कचेरीत गेले होते. माझा पासपोर्ट कधी काढलाच नव्हता, जायचं कुठे होतं?

फोटो काढणारी मुलगी तीच होती. तिने मला ओळखलं नाही. मी डोक्याचा रुमाल सोडला, कारण डोकं झाकलेलं चालत नाही. ती जरा गडबडली. म्हणाली, "ताई, घाई नसेल तर केस आल्यावर या ना. चौकीवर चेहरा जुळला नाही तर उगाच अडवतील."

"आत्ताच काढा," मी म्हटलं.

तिने पडदा सरळ केला, दिवा लावला. "डोळे उघडे, तोंड बंद, हसायचं नाही." मला ते अवघड गेलं नाही.

मग ती संगणकावर माझी माहिती भरायला लागली. नाव, जन्मतारीख, पत्ता. अविवाहित. ओळखीची खूण काय लिहू म्हणाली, तर मी म्हटलं हनुवटीवर तीळ लिही. शेवटी तिने मान वर न करता विचारलं, "मुदत किती ठेवू? पाच वर्षांचा निघतो, दहा वर्षांचाही निघतो."

मागे रांग होती. कुणाचं तरी लहान मूल रडत होतं. मुलीने मान वर करून बघितलं.

"दहा," मी म्हटलं.